काचेवरचं कुंकू

बाबा,

या दसऱ्याला घरात आलं ते असं. झेंडू अर्धा किलो, दादरच्या फूलबाजारातून, साठ रुपये. आपट्याची पानं वीस रुपये. नारळ एक, पस्तीस, आणि त्यात पाणी कमी निघालं. हळद-कुंकू घरचंच. शिवाय तुमच्या नातीनं आदल्या संध्याकाळी आणलेली एक काळी डबी, तळहाताएवढी, आणि तिच्यात फोमच्या खळग्यात बसवलेली काचेची एक चकती. मी सवयीनं किंमत विचारली. ती म्हणाली, "आई, किंमत नाही सांगता येणार. आठ महिने लागले." माझ्या वहीत रुपयांचा रकाना आहे, महिन्यांचा नाही. म्हणून मी तिची ओळ कोरी ठेवली आणि पुढच्या ओळीवर नारळ लिहिला.

तुम्ही गेलात तेव्हा ही जन्मायची होती. तुमच्या नाकाच्या शेंड्यासह सगळी तुमच्यावर गेली आहे, फक्त कान तिचे शाबूत आहेत. ती संशोधन करते. काय करते ते मला दोन वर्षं नीट कळलं नव्हतं. शेजारीण विचारायची तर मी "मशीनवर असते" असं सांगायचे, जसं आई तुमच्याबद्दल सांगायची. त्या संध्याकाळी मी भाजी निवडत होते आणि ती समोर बसून लसूण सोलत होती, तेव्हा तिनं मला समजावून सांगितलं. हातावर उजेडाचा एक झटका टाकायचा, पापणी लवायच्या आत संपणारा. आतलं रक्त तो उजेड पितं, इवलंसं तापतं, तापलं की फुगतं आणि फुगताना आवाज करतं. आपल्या कानाला तो येत नाही. हा आवाज टिपायला इतर ठिकाणी वेगळी यंत्रं असतात, पण तिची चकती तो उजेडानंच टिपते. काचेवर आरशाचे दोन पातळ थर आहेत आणि त्यांच्या मध्ये केसाहून पातळ असा पापुद्रा. आवाज येऊन त्यावर आदळला की पापुद्रा किंचित दबतो. मग त्याच्यावर सोडलेला दुसरा उजेड परत येताना बदललेला असतो. तो बदल ठिकठिकाणी मोजायचा आणि त्यावरून आतल्या शिरांचं चित्र काढायचं.

मी म्हटलं, "म्हणजे आवाज ऐकायचा नाही, बघायचा."

लसणाची पाकळी तिच्या हातात तशीच राहिली. "आई, एकदम बरोबर. मॅट्रिकला विज्ञानात किती होते गो तुला?"

"अडतीस."

"बाईंनी मारले तुझे मार्क."

मला काही डोक्यानं कळलं नव्हतं, बाबा. मला तुम्ही दिसलात. गिरणीत विणायच्या साच्यांच्या खडखडाटात वीस वर्षं काढून तुमचे कान गेलेले, आणि आपल्या खोलीच्या दारात ते पितळेचं घंगाळ पाण्यानं भरलेलं. सकाळी ऊन त्याच्यावर पडायचं आणि छताच्या फळ्यांवर उजेडाचा एक डाग हलत राहायचा. चाळीच्या लाकडी जिन्यावर कुणी पाय ठेवला की तो डाग थरथरायचा. आम्हाला पावलं ऐकू यायच्या आधी तुम्ही वर बघून म्हणायचात, "कोण तरी येतंय." पाहुणे चकित व्हायचे, आई मात्र चहाचं आधण ठेवायची. हे मी तिला सांगितलं तर तिनं लसूण खाली ठेवला. मग म्हणाली, "हे मला आधी का नाही सांगितलंस?" मला वाटतं त्या क्षणापासून ती डबी माझ्या मनात तिची राहिली नाही, आपली झाली. पुढे जे झालं त्याला हेच कारण आहे. सबब म्हणून लिहीत नाही, झालं तसं लिहिते.

दसऱ्याला तिची संस्था बंद होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परळच्या एका इस्पितळात पहिल्यांदा माणसाच्या हातावर ती चकती लावून बघायची होती. संस्था लांब, इस्पितळ आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून तिनं ती घरी आणली. कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि मला म्हणाली, "हात लावू नकोस हं." सकाळी ती मैत्रिणीकडे करी रोडला गेली. मी पाट मांडला. माझी हिशेबाची वही, कात्री, विळी, मिक्सर, शिवणयंत्र तर जागेवरच. तिचा लॅपटॉप. हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "रिमोटला विसरू नको, माझं हत्यार तेवढंच उरलंय." मी रिमोटलाही फूल वाहिलं. मग वरची फळी आठवली. उद्या पहिला दिवस, आणि पोरीचं खरं हत्यार कपाटात अंधारात. ते काही मला बरं वाटेना. डबी काढून पाटावर ठेवली. ठेवल्यावर वाटलं, खोक्याची पूजा करून काय उपयोग, आत जे आहे त्याला कुंकू लागायला हवं. उघडली. चकती कबुतराच्या मानेसारखी झळकत होती, जरा वळवली की गुलाबी, जरा वळवली की सोनेरी.

तुमचं वाक्य मला तेव्हा आठवलं होतं. हे मला लिहायलाच हवं. आठवलं नव्हतं असं म्हणाले तर तुमच्यापुढेही खोटं होईल. मी नऊ वर्षांची होते, दसऱ्याला गिरणीत घरच्यांना आत सोडायचे. सगळे साचे थांबलेले, कागदाच्या पताका, एवढ्या मोठ्या खात्यात माणसांचं बोलणं ऐकू येतंय याचंच सगळ्यांना नवल. तुम्ही कुंकवाची वाटी माझ्या हातात दिलीत आणि वाकून म्हणालात, "लोखंडाला लाव. सुताला नको." मी लोखंडाला लावलं. मग तुम्ही खात्याच्या मास्तरांशी बोलायला वळलात आणि माझ्यासमोर साच्यावर ते पांढरं कापड ताणलेलं होतं, इतकं पांढरं की हात लावल्याशिवाय राहवेना. बोट लावलं. उचललं तेव्हा तिथं लाल ठसा. मी पदराशी, म्हणजे आईच्या पदराशी जाऊन उभी राहिले. पुढच्या आठवड्यात कापड तपासणाऱ्या खात्यात तो सापडला. तुम्ही जेवताना आईला सांगितलंत, तुमच्या त्या मोठ्या आवाजात, "मास्तरानं विचारलं कोणाचा हात. मी म्हटलं माझा." पगारातून कापून घेतलं. मी भाताचे घास मोजत बसले. बाबा, तो ठसा तुमच्या बोटाच्या अर्ध्यानंही नव्हता. तुम्ही तो पाहिला होता. माझ्याकडे मात्र पाहिलं नाहीत. पुढच्या दसऱ्याला मी नवा परकर घालून दारात उभी राहिले तर तुम्ही म्हणालात, "यंदा गर्दी फार असणार," आणि एकटेच गेलात. त्यानंतर कधीच नेलं नाहीत.

तर या गुरुवारी, दसऱ्याला, मी चकती हातात धरून शोधत होते की हिचं लोखंड कुठलं आणि सूत कुठलं. कळेना. काच दिसली. काचेला काय होतंय, देवाच्या तसबिरीला रोज लावतो. अनामिकेनं हळदीचं एक बोट आणि त्याच्यावर कुंकवाचं एक बोट, बरोबर मधोमध, कपाळाला लावतो तसं. कुंकू ओलं होतं, ते पसरलं. तेव्हा मला भीती वाटली. मी पदरानं पुसलं, मऊ धुवट सुती पदर. एकदा पुसून लाल रेघ उठली, म्हणून जरा दाबून पुसलं. मग डोळ्याला काही दिसेना. पिवळट झाक होती, पण ती मुळात सोनेरीच होती ना. डबी मिटून फळीवर ठेवली. ती घरी आल्यावर सोनं द्यायला वाकली आणि विचारलं, "डबीला हात नाही ना लावलास?" मी म्हटलं, "मला काय करायचंय तुझ्या डबीशी."

सकाळी ती मलाच घेऊन गेली. "पहिला हात तुझाच," म्हणाली, "सही कर, दुखणार नाही, बांगड्या काढाव्या लागतील." बांगड्या काढायच्या म्हटल्यावर माझा जीव थोडा थोडा झाला, पण काढल्या. अंधारी खोली, डोळ्यांवर हिरवे चष्मे, खोली अर्ध्या तासासाठीच मिळालेली. तिच्याबरोबर सांधेदुखीच्या एक डॉक्टर होत्या, तिशीतल्या, बोलायला गोड. ज्यांच्या बोटांचे सांधे सुजतात त्यांना आतली सूज आधीच दिसावी म्हणून त्यांना ही चकती हवी आहे. माझा तळहात चकतीवर टेकवला, मध्ये थंड चिकट काहीतरी लावून. टक टक टक असा बारीक आवाज येत राहिला. आणि पडद्यावर हळूहळू माझ्या हातातल्या शिरा उमटल्या. लाल धागे, बाबा. जाडे, बारीक, एकमेकांवरून गेलेले. पोरगी श्वास धरून उभी होती. मी तिला लहानपणी परीक्षेच्या निकालालाही असं पाहिलं नव्हतं. आणि मग त्या धाग्यांच्या मधोमध एक चकचकीत सरळ रेघ आली, नखाच्या अर्ध्याएवढी.

डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. "हे काय?"

"खूप वर आहे," ही म्हणाली. "अगदी कातडीला लागून. चकतीच्या फिल्ममध्ये काही..."

"थांब. काकी, इथे कधी काही घुसलं होतं का? काच, काटा, असं काही?"

मला माझी रेघ ओळखू आली होती. ज्या दिशेनं मी पदर ओढला, त्याच दिशेनं ती होती. मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच, देवाशपथ. पण माझ्या तोंडून निघालं, "सुई. लग्नाआधी शिवताना मोडली होती. टोक राहिलं असेल आत."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग डॉक्टरीणबाई हसल्या. "अगं, तुझ्या मशीननं सुई शोधली. चाळीस वर्षांपूर्वीची सुई." पोरीनं मला मिठीच मारली, चष्म्यासकट. "कधी सांगितलं नाहीस ते, आई?" मी म्हटलं, "किती गोष्टी सांगायच्या." तिनं तिथूनच तिच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, सोमवारी मी स्वतः येतो, दुसऱ्या पेशंटचे हात पण बघू, आणि हे चित्र मी पुढच्या भाषणात दाखवीन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवारी काकींच्या हाताचा एक्स-रे काढू. सुई तिथेच दिसली की ताडून बघता येईल, मग कुणी शंका घेणार नाही." बाहेर आल्यावर पोरीनं मला उसाचा रस पाजला. तिनं दोन ग्लास प्यायले.

शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार मी कसा काढला ते तुम्हाला काय सांगू. घरात ती गाणं म्हणत फिरत होती. ह्यांनी माझा हात धरून दिव्याखाली बघितला आणि म्हणाले, "चाळीस वर्षं संसार केला, बायकोच्या हातात सुई आहे हे सरकारी इस्पितळातून कळतंय." मी देवापुढे बसले. स्तोत्र म्हणताना मधल्या ओळी गळत होत्या. शनिवारी मी देवीला काय मागितलं माहीत आहे? माझ्या हातात खरंच सुई निघू दे. हे मी डोळे मिटून, हात जोडून मागितलं. वर उपास बोलले. मागून झाल्यावर डोळे उघडले तर समोर देवीच्या कपाळावर माझ्याच बोटानं लावलेलं कुंकू. मला माझीच लाज वाटली. सोमवारी माझ्या हातात सुई नसणार. आणि दुसऱ्या बाईच्या हातावर ती चकती टेकवली की तिच्याही हातात तीच रेघ दिसणार. तिला काय सांगतील? तिला तर शिवणही येत नसेल. पोरीच्या सरांनी चित्र चार लोकांत दाखवलेलं असणार. मग तिच्या आठ महिन्यांवर कोण विश्वास ठेवील? आणि मी गप्पच बसले, तर ती चकतीतच खोट आहे असं धरून सगळं पुन्हा पहिल्यापासून करील, जे चांगलं होतं तेही टाकून देईल.

काल रविवारी दुपारी ती डबी उघडून बसली होती, एका बारीक झोतात चकती तिरकी धरून. मी कणीक मळत होते. ती स्वतःशीच पुटपुटली, "इथे पिवळं कसं?"

मी म्हटलं, "हळद आहे."

तिनं वर पाहिलं नाही. "काय?"

"हळद. आणि कुंकू. दसऱ्याला मी पूजा केली. मग पदरानं पुसलं. सुई-बिई काही नाही माझ्या हातात."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती एकेक प्रश्न विचारत गेली, जसा दुकानदार परत आणलेला माल बघतो. किती वाजता? पाणी लावलं होतं का? किती वेळा पुसलं? कोणत्या दिशेनं? मी पिठाच्या हातानं हवेत दिशा दाखवली. तिनं चकती त्या दिशेला वळवली आणि म्हणाली, "हो. ओरखडे तिथेच आहेत. त्यात कुंकू बसलंय, म्हणून ते उजेड पितंय आणि स्वतःच आवाज करतंय." मग डबी मिटली. मग तिचे डोळे भरले. "आई, मी रस प्यायले गं. दोन ग्लास."

हे दिवाणखान्यातून म्हणाले, "सांग सरांना की घरी आणताना तुझ्याच हातून काहीतरी लागलं. संपला विषय." मलाही तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते फार हवं होतं. मी तिला तेव्हा तुमची गोष्ट सांगितली, गिरणीतली, ठशाची, पगार कापल्याची. मनात असं की तिनं आजोबांसारखं करावं. तिनं सगळी ऐकली. शेवटी विचारलं, "आणि तू कधी सांगितलंस त्यांना, की तुझं बोट होतं?"

"नाही."

"किती वर्षं होते ते त्यानंतर?"

"एकवीस."

ती उठली, माझ्या हातातली परात बाजूला सारली. "आजोबांनी तुला पाठीशी घातलं. मी नाही घालणार. मी सरांना एवढंच कळवते की उद्या पेशंट बोलवू नका आणि चित्र दाखवू नका. का ते तू सांगायचं. डॉक्टरांच्या समोर, तुझ्या तोंडानं. सुईचं तू सांगितलंस ना, मग हेही तूच."

"अगं मला इंग्रजी येत नाही."

"सर जळगावचे आहेत."

मी म्हटलं, लोक काय म्हणतील, अडाणी आई, काचेला कुंकू लावते. ती म्हणाली, "म्हणू देत. मी त्यांना सांगीन की याच आईनं मला सांगितलं आवाज बघायचा असतो म्हणून." हे म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जेवायला बाहेर आली, जेवली, पण माझ्याशी बोलली नाही. रागावली आहे. तुम्ही रागावला होतात की नाही ते मला कधी कळलंच नाही. तुम्ही फक्त न्यायचं बंद केलंत. तिचा राग निदान ताटासमोर बसलेला दिसतो.

आता सोमवारची सकाळ आहे. हे पत्र मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिते आहे, फाडणार नाही, पाकीट नाही, तिकीट नाही, पत्ता तर नाहीच. साडेनऊला निघायचं आहे. तिनं दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा मी आतून म्हटलं, "देवाचं आटपते." बाबा, देवाचं सात वाजताच आटपलं आहे. समई शांत झाली, निर्माल्यही काढून ठेवलं. मी इथे वही घेऊन बसले आहे, कारण उठले की जावं लागेल.

तो ठसा माझा होता. तुम्हाला माहीत होतं, तरी मी सांगते आहे. आणि एक विचारायचं आहे. तुम्ही मास्तरासमोर उभे राहिलात, त्यानं विचारलं, तेव्हा लगेच बोललात, की थोडे थांबलात? तुम्ही जे सांगितलंत ते खरं नव्हतं, मला खरं सांगायचं आहे, तरी सुरुवात कशी करायची ते तुम्हालाच ठाऊक. पहिला शब्द काय होता तेवढा उलट टपाली कळवा. ती चपला घालते आहे.